अबोल्याचं इंग्रजी

ज्योत्स्ना महाजनचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा वर्ग पहिल्या महिन्यातच बसायला आला होता, आणि त्याला कारण पुस्तक होतं.

पुस्तकात एक गृहस्थ होते. ते रोज सकाळी बटलरकडे छत्री मागायचे, मग त्यांची आगगाडी चुकायची, आणि संध्याकाळी ते शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी दोन शब्द बोलून झोपायचे. राजपुऱ्यातल्या आपल्या घराच्या माडीवर ज्योत्स्ना हे सगळं मन लावून शिकवायची. पण शिकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी बटलर नव्हता. धर्मेंद्रचं शनवारा चौकाजवळ मावा जिलेबीचं दुकान होतं. त्याने बटलर म्हणजे कोण ते विचारून घेतलं, आणि दार उघडणारा नोकर असं कळल्यावर म्हणाला की आमच्याकडे शटर मीच उघडतो. त्यानंतर त्याचं पुस्तकात लक्ष राहिलं नाही.

फोपनार गावच्या मोतीलालची तर वेगळीच तऱ्हा. पन्नाशी ओलांडलेला, केळीच्या बागांचा माणूस. परदेशी कंपनी आपल्या भागातली केळी बघायला येणार अशी आवई उठली होती, आणि गोऱ्या साहेबाशी आपणच बोलणार असं त्याने गावात सांगून टाकलं होतं. म्हणून रोज मोटरसायकलवरून वर्गाला यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि छत्रीचा विषय निघाला की डोळे मिटायचा.

एक दिवस ज्योत्स्नाला वर्गात यायला उशीर झाला. पदराला हात पुसत ती जिना चढून आली आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "सॉरी, आय ॲम लेट. द मिल्क बॉइल्ड ओव्हर." म्हणजे दूध उतू गेलं.

मोतीलालने डोळे उघडले.

"कोणाचं दूध?"

ज्योत्स्नाने त्याला इंग्रजीत विचारायला लावलं. त्याने विचारलं. मग धर्मेंद्रने विचारलं की दुधाकडे कोण बघत होतं. मागच्या बाजूला बसणाऱ्या बायकांनी विचारलं की सासूबाई काय म्हणाल्या. ज्योत्स्ना एकेकाला उत्तर देत गेली, सगळे ते घोकत गेले, आणि त्या दिवशी वर्ग सुटायची वेळ होऊन गेल्याचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तक फळीवर गेलं. त्यानंतर ज्योत्स्ना स्वतःचा दिवसच शिकवायला लागली. आज जाग उशिरा आली, आय ओव्हरस्लेप्ट. साखर संपली, वी हॅव रन आउट ऑफ शुगर. सिलिंडरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला ऑन द वे, म्हणजे निघालोय, पोचतोच आहे, आणि हे कुठल्याही भाषेत खरं नसतं हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. इट स्लिप्ड माय माइंड, म्हणजे डोक्यातून निसटलं, हे धर्मेंद्रला फार आवडलं. वजन कमी भरलं की तो गिऱ्हाइकाला तेच ऐकवायला लागला.

वर्ग भरायला लागला. लोक वेळेच्या आधी येऊन बसायचे आणि मॅडम आज काय झालं म्हणून विचारायचे. ज्योत्स्नाचा आग्रह असायचा की तिचं वाक्य म्हणून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या घरचं एक वाक्य करावं. मोतीलाल ते कधीच करायचा नाही. आपल्या घरचं बोललं तर घरी कळतं, मॅडमच्या घरचं बोललं तर आपल्याला काय धोका, असं त्याचं म्हणणं. विचार केला तर ते चूक नव्हतं.

धोका ज्योत्स्नाच्या घरच्यांना होता. तिचा नवरा भूपेंद्र एका सरकारी कचेरीत बाबू होता, शांत माणूस. एकदा तो चौकात पान खात उभा असताना एका अनोळखी इसमाने त्याला हात जोडून विचारलं, "गुड मॉर्निंग सर, इज द वेट टॉवेल स्टिल ऑन द बेड?" भूपेंद्रला वाटलं कचेरीचं काही काम असेल. मग अर्थ लागला. आपण ओला टॉवेल पलंगावर टाकतो ही गोष्ट शनवाऱ्यापर्यंत गेली आहे हे कळल्यावर त्याने पान तिथेच थुंकलं आणि घरी आला.

"माझा टॉवेल तुझ्या सिलॅबसमधून काढ," तो म्हणाला.

ज्योत्स्नाला वाईट वाटलं. तिने त्या दिवसापासून नवऱ्याला पूर्ण वगळलं. पण घरात माणसं तीनच. नवरा काढल्यावर सगळा अभ्यासक्रम सासूबाईंवर येऊन पडला.

गोदाबाई सत्तरीच्या होत्या. दिवसभर घरापुढच्या ओट्यावर बसून डाळ निवडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायच्या आणि वरून येणारा वर्गाचा गलका ऐकायच्या. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि त्यांनी ते डॉक्टरांसमोर बंद केलंही होतं. घरी मात्र मावा जिलेबी पिशवीत गुंडाळून त्या मुगाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. ज्योत्स्नाच्या हाताला ती लागली ती खिचडी करताना.

तिने सासूबाईंना काही म्हटलं नाही. पण संध्याकाळी वर्गात नेमकं गोडाचं बोलणं निघालं आणि एक फार छान वाक्प्रयोग तिच्या मनात आला. माय मदर-इन-लॉ हॅज अ स्वीट टूथ. शब्दशः गोड दात, अर्थ गोडाची आवड. उदाहरण म्हणून मुगाचा डबाही सांगून झाला.

मोतीलालने कोणता दात ते विचारलं. धर्मेंद्र मात्र मनाशी हिशेब करत होता. दर आठवड्याला ओट्यावरच्या आजी त्याच्या दुकानातून नातवासाठी म्हणून पाव किलो जिलेबी न्यायच्या. महाजन मॅडमना मूलबाळ नव्हतं.

पुढच्या वेळी गोदाबाई दुकानात गेल्या तेव्हा धर्मेंद्रने कढईमागून हात जोडले.

"आजी, माफ करा. मॅडम बोलल्या, तुमचा दात गोड हाये."

गोदाबाईंच्या तोंडात दात होते चार, त्यातले दोन हलते. भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर कोणीतरी त्यांच्या दातांचा विषय काढतो आहे, आणि ते सुनेच्या नावावर, एवढंच त्यांना समजलं. त्या रिकाम्या हाताने घरी आल्या आणि त्यांनी ज्योत्स्नाशी बोलणं सोडलं.

अबोला अगदी रीतसर होता. काही सांगायचं असलं तर त्या भूपेंद्रकडे बघून बोलायच्या, "तिले म्हना, भाजीत मीठ नाई." भूपेंद्र घरात नसला तर गॅसच्या शेगडीला सांगायच्या. ज्योत्स्नाने एकदा त्यांच्यासमोर बसून सांगितलं, आई, माझं चुकलं. गोदाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. ती आणखी मोठ्याने बोलली, त्यांनी आणखी वाढवला, शेवटी शेजारच्या घरातून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला.

ज्योत्स्नाला हे फार लागलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पुरणाचा घास भरवून घरात घेणारी हीच बाई. रात्री जेवताना दोघी समोरासमोर बसायच्या आणि मधे फक्त ताटांचा आवाज. तिला दुसरं काही सुचेना. आणि वर्गात लोक विचारायचे, मॅडम आज काय झालं, तर सांगायला तरी दुसरं काय होतं?

अशा रीतीने इंग्रजीतले सगळे काळ त्या अबोल्यावरच शिकवून झाले. शी इज नॉट टॉकिंग टु मी. शी वॉज नॉट टॉकिंग टु मी. शी हॅज नॉट टॉक्ड टु मी येट. पाठ फिरवून वागण्याला इंग्रजीत थंडा खांदा देणं म्हणतात, कोल्ड शोल्डर, हे ऐकून मोतीलाल हळहळला, आणि उन्हाळ्यात हे तसं बरंच पडत असेल असं म्हणाला. अपराधी वाटून धर्मेंद्र इट वॉज माय फॉल्ट, चूक माझीच, एवढं एकच वाक्य घोकत राहायचा. सगळे एका सुरात, मोठ्याने म्हणायचे, कारण आवाज पडला की ज्योत्स्ना म्हणायची, "लाऊडर, प्लीज." आवाज जिन्यावरून खाली ओट्यावर जायचा. तिथे गोदाबाई डाळ निवडत असायच्या.

अशात खरोखरच कंपनीचं माणूस आलं. साहेब नव्हता, बाई होती. हॉलंडची, उंच, उन्हाने लाल झालेली, नाव विल्मा. तिच्याबरोबर यायचा दुभाषा खंडव्यालाच पोट बिघडून अडकला होता, तेव्हा गावाने मोतीलालला पुढे केलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होता.

बाग दाखवताना फार बोलावं लागलं नाही. घड दिसत होते, झाडं दिसत होती, विल्माबाई मोजमाप करत होत्या. त्यांनी मोतीलालची बाग बघितली, त्याच्या शेजारच्या सुकलालची बघितली, दोन्हीकडचे नमुने घेतले. सुकलाल इंग्रजी येत नाही म्हणून पूर्ण वेळ फक्त हसत उभा होता. मग झाडाखाली खुर्च्या टाकल्या, चहा आला, आणि विल्माबाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "हाऊ आर यू, मिस्टर मोतीलाल?"

आता बोलणं आलं. गाव बघत होतं. मोतीलालने घसा साफ केला. त्याच्याकडे वाक्यं भरपूर होती, पण सगळी महाजनांच्या घरची. टॉवेलचं वाक्य त्याने गाळलं, तेवढी अक्कल त्याला होती. जे सर्वांत पक्कं होतं ते त्याने काढलं.

"आय ॲम सॅड," तो म्हणाला. "माय मदर-इन-लॉ इज नॉट टॉकिंग टु मी."

विल्माबाईंनी कप खाली ठेवला. मोतीलालला वाटलं, जमलं. मग तो थांबलाच नाही. साखर संपली, दूध उतू गेलं, कोल्ड शोल्डर मिळाला, अजून ती बोललेली नाही, सगळे काळ त्याने ओळीने सांगून टाकले. गावकरी एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले.

विल्माबाईंचे डोळे भरून आले. इंग्रजी काही त्यांचीही घरची भाषा नव्हती, त्यामुळे त्या सोपं बोलत आणि मोतीलालला बरंचसं कळत होतं. त्यांचीही सासू त्यांच्याशी बोलत नव्हती. एका केकवरून बिनसलं होतं, दोन नाताळ होऊन गेले. इतक्या लांब येऊन, एका केळीवाल्याच्या तोंडून आपलं दुःख ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला, तुमच्या सासूकडे जाऊ. मी बोलते तिच्याशी.

मोतीलालची सासू जाऊन कैक वर्षं झाली होती. पण सासू मेली हे वाक्य वर्गात कधी आलंच नव्हतं, कारण मॅडमची सासू ठणठणीत होती. त्याने वर आकाशाकडे बोट दाखवलं. विल्माबाईंनी वर बघितलं, ऊन फार आहे असं त्याला म्हणायचं असावं असं समजून टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसल्या.

गाडी राजपुऱ्यात येऊन थांबली तेव्हा वर माडीवर कॉलेजच्या मुलींचा वर्ग चालू होता आणि गोदाबाई ओट्यावर होत्या. मोतीलालने आधी उडी मारली आणि त्यांच्या पायाशीच बसला.

"आजी, उपकार करा. थोडा टाइम माझी सासू व्हा."

गोदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, गाडीतून उतरणाऱ्या उंच बाईकडे बघितलं. काय करा लागीन म्हणून विचारलं.

"काई नाई. माझ्याशी बोलायचं नाई, बस."

"ते येते मले," गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

विल्माबाई ओट्यावर मांडी घालायला बघत होत्या. ते जमेना, तेव्हा पाय लांब करून बसल्या. त्यांनी गोदाबाईंचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं की तुम्ही याच्याशी का बोलत नाही. मोतीलालने मराठी करून सांगायला तोंड उघडलं. पण त्याआधीच गोदाबाई बोलल्या, आणि इंग्रजीत बोलल्या.

"शी टोल्ड एव्हरीबडी."

तिने सगळ्यांना सांगितलं. मोतीलालचं तोंड उघडंच राहिलं. महिनोन्‌महिने वरून जे काही जिन्यावरून घरंगळत खाली येत होतं ते सगळं या बाईने डाळीबरोबर निवडून ठेवलं होतं, आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

"शी?" विल्माबाईंनी मोतीलालकडे निरखून बघितलं.

"ग्रामर मिस्टेक," मोतीलाल म्हणाला.

गोदाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचा बांध फुटला होता. जिलेबी माझी, दात माझा, शुगर माझी, असं त्या इंग्रजीतून, बोट छातीवर आपटत सांगत होत्या. दूध मात्र तिचं. दूध मी नाही उतू जाऊ दिलं, ती फोनवर होती, आणि सांगताना काय सांगितलं, मिल्क बॉइल्ड ओव्हर, जसं काही दूध आपल्या मनानेच गेलं. मग त्यांचा आवाज खाली आला.

"शी टेल्स देम एव्हरीथिंग," त्या म्हणाल्या. "शी टेल्स मी नथिंग."

त्यांना सगळं सांगते, मला काही नाही. ज्योत्स्ना तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. गाडीचा आवाज ऐकून ती खाली आली होती आणि ते वाक्य ऐकून तिथेच थबकली होती. तिच्या मागे जिन्यावर मुलींची रांग. खरंच होतं ते. सकाळपासूनच्या सगळ्या गोष्टी ती संध्याकाळच्या वर्गासाठी साठवून ठेवायची, आणि आई विचारायच्या काय गं, तर म्हणायची काही नाही.

ती पुढे आली. सासूबाईंसमोर उकिडवी बसली. मराठीत माफी मागून झाली होती, ती टीव्हीखाली गेली होती.

"आय ॲम सॉरी," ती म्हणाली.

गोदाबाई अजून भिंतीकडेच बघत होत्या. त्यांनी मान वळवली.

"लाऊडर, प्लीज."

ज्योत्स्नाने मोठ्याने म्हटलं. गोदाबाईंनी हात कानामागे धरला. मग जिन्यावरच्या मुलींना राहवेना, वर्गाची सवयच तशी होती. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आणि मोतीलालनेही म्हटलं, खरं तर त्याचं त्यात काही नव्हतं. समोरच्या घरातले लोक दारात आले.

"पुरे," गोदाबाई म्हणाल्या. "आता चहा टाक. आनि दुधाकडे बघ."

हे त्या मराठीत आणि थेट सुनेकडे बघून बोलल्या. ज्योत्स्नाला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, तेव्हा चहा मुलींनीच टाकला.

राहता राहिल्या विल्माबाई. त्यांना कशाचाच अर्थ लागत नव्हता. ही सासू, तर ही कोण, आणि मोतीलाल कोणाचा जावई? ज्योत्स्नाने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, छत्रीवाल्या गृहस्थांपासून. मोतीलाल तोवर गाडीच्या पलीकडे जाऊन उभा होता. विल्माबाई आधी गंभीरपणे ऐकत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी त्या इतक्या हसल्या की ओट्यावरून डाळ निवडायचं सूप खाली पडलं. सगळ्यांनी मिळून डाळ वेचली. जाताना त्यांनी गोदाबाईंचा फोटो काढला, नंबर घेतला आणि मोतीलालच्या पाठीवर थाप मारली.

केळीची ऑर्डर मिळाली ती सुकलालला. मोतीलालच्या केळ्यांचा बाक जास्त होता, कंपनीच्या खोक्यात ती नीट बसत नव्हती. गावाने त्याला थोडं चिडवलं. तो म्हणाला, माझी केळी वाकडी नाहीत, त्यांचं खोकं सरळ आहे. पण त्याने वर्ग सोडला नाही. गोदाबाई आता वर्गात पहिल्या रांगेत बसतात आणि ज्योत्स्ना काही चुकीचं सांगायला लागली की हात वर करतात, त्यामुळे वर्गाला पूर्वीपेक्षा रंगत आली आहे, असं त्याचं मत आहे. घरी मात्र ज्योत्स्ना रोज दुपारी आधी सासूबाईंना सगळं सांगते. त्यातलं वर काय न्यायचं ते त्या ठरवतात. टॉवेल परत आणायचा त्यांचा विचार होता, भूपेंद्रने हातापाया पडून तो रद्द करून घेतला.

एका रविवारी हॉलंडहून फोन आला. विल्माबाईंनी फोटो त्यांच्या सासूला दाखवला होता, आणि ही ओट्यावरची बाई कोण एवढं विचारायला म्हणून ती सासू दोन वर्षांनी सुनेशी बोलली होती. आता तिला गोदाबाईंना बघायचं होतं. पडद्यावर एक गोरी म्हातारी आली, निळा स्वेटर घातलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं.

गोदाबाईंनी चष्मा लावला आणि सरळ मराठीत सुरुवात केली. पलीकडून डच भाषेत उत्तर आलं.

तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. एक आपलं सांगते, दुसरी मान डोलवते, मग दुसरी सांगते. काय बोलतात ते ना ज्योत्स्नाला समजतं ना विल्माबाईंना. बोलता बोलता दोघी मधेच थांबतात, एकाच वेळी मागे वळून आपापल्या स्वयंपाकघराकडे बघतात, आणि मग आवाज एकदम खाली करतात.